‘आज काय करायचं?’ या प्रश्नात हरवलेले वाक्य

अर्धविराम

गेली अठरा वर्षे मी कथा लिहिते आणि जवळजवळ तितकीच वर्षे घरातला दोन्ही वेळचा स्वयंपाक करते. यातल्या एका कामाने दुसऱ्याचा वेळ खाल्ला, अशी माझी समजूत होती आणि ती मी ऐकेल त्याला ऐकवतही असे. मागच्या महिन्यात त्या समजुतीला तडा गेला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

झाले असे, की एक दीर्घकथा चार महिने अडून बसली होती. रोज सकाळी टेबलाशी बसायचे, दोन परिच्छेद व्हायचे आणि उठावे लागायचे. आपण नेमके कशासाठी उठतो हे एकदा कागदावर यावे, म्हणून वहीच्या मागच्या पानापासून उलट्या बाजूने नोंद ठेवायला सुरुवात केली. पेन खाली ठेवले की वेळ लिहायची आणि कारण लिहायचे, एवढाच नियम. महिन्याने ती पाने वाचली तेव्हा चोर निराळाच निघाला. ‘स्वयंपाक’ हे कारण फार थोड्या ठिकाणी होते, कारण स्वयंपाकाची वेळ ठरलेली आहे आणि त्या वेळी मी मुळात टेबलाशी नसतेच. बहुतेक नोंदींपुढे एकच शब्द होता: ‘आठवले’. कडधान्य भिजत घालायचे आठवले. धाकट्याच्या सदऱ्याचे तुटलेले बटण आठवले. सासूबाईंच्या गोळ्या संपत आल्याचे आठवले. दूध फ्रिजबाहेर राहिल्याचे आठवले. आणि रोज दुपारी साधारण एकाच सुमारास, कोणी विचारलेले नसतानाही, ‘संध्याकाळी काय करायचं?’ हे आठवले. यांतली बरीच कामे दोन-दोन मिनिटांची होती, काहींसाठी तर खुर्चीवरून उठावेही लागले नव्हते. पण पेन खाली गेले होते आणि ते पुन्हा उचलेपर्यंत वाक्य थंड झालेले होते.

त्याच महिन्यात घडलेली दुसरी गोष्ट अशी. कथेतली म्हातारी एका बंद दाराशी येऊन उभी राहते, आणि ती तिथे का उभी आहे हे एका वाक्यात सांगायचे होते. टेबलाशी बसून त्या वाक्याचे अकरा मसुदे झाले होते. एका संध्याकाळी कणीक मळताना पाणी जरा जास्त पडले, म्हणून आणखी पीठ ओढून घेत असताना ते वाक्य आपले आपण आले. दोन्ही हात मनगटापर्यंत बरबटलेले होते. विसरेन या भीतीने मी ते मोठ्याने तीनदा म्हटले आणि नऊ वर्षांच्या मुलाला हाक मारून वाणसामानाच्या यादीच्या पाठीमागे उतरवून घ्यायला सांगितले. वाक्य होते, ‘ती दाराशी थांबली नव्हती, दाराने तिला थांबवले होते.’ हात धुऊन आले तर कागदावर ‘ती दाराशी थांबली नव्हती’ एवढेच. उरलेले का लिहिले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘पुढचं तेच आहे ना, आई!’’ मी त्याला दोन्हींतला फरक समजावून सांगू लागले आणि सांगता सांगताच लक्षात आले, की त्याचे बरोबर आहे. थांबली नव्हती, तर मग ती तिथे करत काय होती, हे वाचकाने मनाशी विचारावे अशीच माझी इच्छा होती; माझ्या उत्तरार्धाने त्या प्रश्नाचे तोंड बंद केले होते. कथेत आता त्याने उतरवले तेवढेच वाक्य आहे.

तेव्हा माझे म्हणणे असे, की माझे लेखन स्वयंपाकाने अडवलेले नाही. स्वयंपाकाची आठवण ठेवण्याने अडवले आहे. चिरणे, मळणे, परतणे, ढवळणे ही कामे इतक्या वर्षांच्या सवयीने हातांनाच ठाऊक झाली आहेत. काय संपले, काय उरले, कोणाला काय चालत नाही, उद्यासाठी आज काय करून ठेवायचे, हे मात्र हातांना सांगता येत नाही. ते डोक्यात ठेवावे लागते, आणि कथेतली माणसे जिथे राहतात नेमकी तीच जागा ते अडवते. आपल्यापैकी जे लिहितात आणि घरही चालवतात, त्यांचा अनुभव काय आहे? वेळ कसा काढता, हे मला विचारायचे नाही. थोडाफार वेळ मिळतो. आठवण ठेवण्याचे काम कोणाकडे आणि कसे सोपवता येते, एवढेच विचारायचे आहे.

शाईदौत

तुमच्या ‘आठवले’ या शब्दाला संशोधनातही जागा आहे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मांडले, की माणूस एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळतो तेव्हा त्याचे सगळे लक्ष त्याच्याबरोबर येत नाही. आधीच्या कामाचा, विशेषतः ते अपुरे राहिले असेल तर, काही अंश मागे रेंगाळतो आणि त्यामुळे पुढचे काम उणे होते. त्यांनी या रेंगाळणाऱ्या अंशाला लक्षाचा अवशेष म्हटले आहे. अभ्यास कचेरीतल्या कामांच्या संदर्भातला आहे, पण भिजत घालायचे राहून गेलेले कडधान्य हे अपुऱ्या कामाचे किती उत्तम उदाहरण आहे, हे वेगळे सांगायला नको.

मी फ्रिजच्या दारावर एक कागद लावला. जे आठवेल ते तिथे लिहायचे आणि परत येऊन बसायचे. पंधरा दिवस फार हलके वाटले. मग कळले की कागदाने डोके रिकामे होते हे खरे, पण तो कागद वाचायचाही असतो हे घरात फक्त मलाच ठाऊक आहे. परवा त्यावर ‘साबण’ हा शब्द तीन वेगवेगळ्या ठिकाणी सापडला. तिन्ही वेळा अक्षर माझेच होते.

तिसरा मसुदा

अर्धविराम यांचे निदान मला पटते. त्यांच्या कणकेशी मात्र थोडे भांडायचे आहे. कणीक मळताना वाक्य सुचले यावर माझा पूर्ण विश्वास आहे. चालताना सुचते, आंघोळ करताना सुचते, तसे मळतानाही सुचेल. पण ही हकिकत घरात ऐकवली की ऐकणारे तिचा अर्थ ‘बघ, स्वयंपाकाने तुझं भलंच होतंय’ असा लावतात आणि तो अर्थ त्यांच्या फार सोयीचा असतो.

एलिझाबेथ गॅस्केल यांनी लिहिलेल्या इंग्लिश कादंबरीकार शार्लट ब्राँटीच्या चरित्रात, म्हणजे १८५७ च्या पुस्तकात, तिची धाकटी बहीण एमिली, तीही कादंबरीकार, हिचे एक वर्णन आहे. स्वयंपाकघराच्या दारावरून जाणाऱ्याला ती पीठ मळताना दिसे आणि तिच्यापुढे जर्मन भाषेचे पुस्तक उघडे ठेवलेले असे. हे चित्र सगळ्यांना आवडते. नीट पाहिले तर त्यात ती शिकते आहे, वाचते आहे, लिहीत नाही. पिठाच्या हाताने एखादे पान उलटता येईल, लेखणी धरता येत नाही. तुम्हालाही मुलाला हाक मारावीच लागली.

दुसरे टोक अँथनी ट्रॉलप यांचे. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला टेबलाशी बसणारा आणि पुढ्यात घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहिणारा हा कादंबरीकार शिस्तीचा नमुना म्हणून नवोदितांच्या माथी मारला जातो. त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे, की त्याला उठवण्याचे काम एका म्हाताऱ्या मोतद्दाराकडे होते, त्याबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत, त्याची कॉफी कधी एकदाही उशिरा आली नाही, आणि आपल्या यशाबद्दल आपण दुसऱ्या कोणाहीपेक्षा या माणसाचे जास्त ऋणी आहोत. शिस्तीचे गोडवे गाणारे हा भाग गाळतात. ट्रॉलपने तो गाळला नाही, एवढा मोठेपणा त्याला द्यायलाच हवा. त्या म्हाताऱ्याला कोण उठवत असे, हे मात्र त्यानेही लिहिलेले नाही.

आणि ॲलिस मन्रो. २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या या लेखिकेने मुलाखतींत सांगितले आहे, की खरे तर तिला कादंबऱ्या लिहायच्या होत्या. लहान मुली आणि घरकाम यांतून सलग वेळ मिळेना, म्हणून कथा लिहिल्या. त्यावर आपण म्हणतो, पाहा, मर्यादेतून केवढी कला जन्माला आली! आली असेल. त्याच मर्यादेत ज्यांच्या हातून एक कथासुद्धा पुरी झाली नाही, अशा बायका आपल्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही.

मी पुरुष आहे. वडील अंथरुणाला खिळल्यापासून, म्हणजे सहा वर्षे, घरातला स्वयंपाक मीच करतो. कांदा चिरताना मला आजवर एकही वाक्य सुचलेले नाही. बोट दोनदा कापले आहे.

कोरी पाने

तिसरा मसुदा यांचा मुद्दा मान्य करूनही मला थोडे व्यवहाराचे बोलायचे आहे, कारण मी भाषांतरकार आहे आणि भाषांतरात सुचण्याची वाट पाहत बसता येत नाही. मूळ मजकूर समोर पसरलेला असतो, मुदत ठरलेली असते आणि रोजची पाने झालीच पाहिजेत. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ज्या वेळा मुळातच वाट पाहण्याच्या असतात, त्या मी हेरून ठेवल्या आहेत.

कणीक मळून वीस ते तीस मिनिटे झाकून ठेवली की पीठ पाणी पुरते शोषून घेते आणि मळताना ताणले गेलेले ग्लूटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनांचे, जाळे सैल पडते. लाटताना ती मागे ओढत नाही. ही वीस मिनिटे माझ्या मालकीची आहेत. गंमत म्हणजे फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस पंचवीस मिनिटांच्या बैठकीची जी पद्धत काढली, तिचे ‘पोमोदोरो’ (इटालियनमध्ये टोमॅटो) हे नाव टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या गजरावरून पडले. आता ती पद्धत कचेऱ्यांतून शिकवतात. गजर मुळात स्वयंपाकघरातला होता.

कुकर लावून लिहायला बसणे मात्र मी सोडले होते, कारण शिट्ट्या मोजण्यात वाक्य तुटायचे, आणि तिसरी झाली की चौथी, हे कधीच खात्रीने सांगता यायचे नाही. पुढे कुठेतरी वाचून डोक्यात प्रकाश पडला, की शिट्टी वेळ मोजतच नाही. आतल्या वाफेचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती सुटते, त्यामुळे आच मोठी असेल तर शिट्ट्या भराभर होतात आणि बारीक असेल तर होतही नाहीत. अन्न शिजते ते आतल्या तापमानामुळे, जे १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, आणि ते तिथे किती वेळ टिकले यामुळे. तेव्हा आता पहिली शिट्टी झाली की आच बारीक करते, गजर लावते आणि मोजणे त्याच्यावर सोपवते. अर्धविराम यांना आठवण सोपवायला माणूस हवा आहे; मला निदान मोजण्यापुरते यंत्र मिळाले.

दुधाचे काही करता आलेले नाही. तापताना त्याच्यावर प्रथिने आणि स्निग्धांश यांचा पापुद्रा धरतो, खाली तयार होणारी वाफ त्याखाली कोंडते आणि मग सगळे एकदम वर येते. म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत भांडे शांत असते आणि माणूस निर्धास्त. मुदतीच्या आदल्या रात्री याच पद्धतीने माझे अर्धा लिटर दूध आणि एक प्रकरण गेले. दूध शेगडीवर आणि प्रकरण त्याच ओट्यावर ठेवलेल्या छापील पानांवर. दूध तापत असताना काहीही लिहायचे नाही, असा नियम मी त्या दिवशी केला आणि तो अजून पाळते आहे.

सुटीच्या दिवशी आठवड्याचे रांधून ठेवा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याबाबत एक सावधगिरी. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, पसरून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही तगतात, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. लिहिण्यासाठी वाचवलेला वेळ मग सगळ्या घराच्या पोटदुखीत जातो.

उंबरठा

मी लेखक नाही. एका लेखिकेचा नवरा आहे. मूळ प्रश्न आठवण सोपवण्याचा असल्यामुळे, ज्याच्याकडे ती सोपवली गेली त्याची बाजूही यावी असे वाटले.

लग्नानंतरची पहिली नऊ वर्षे मी स्वयंपाकात ‘मदत’ करत होतो आणि त्याचा मला अभिमानही होता. ही मदत म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ‘‘काय करू, सांग’’ असे विचारणे. ती लिहीत असली तर मी हलक्या आवाजात विचारायचो, म्हणजे माझ्या मते तिला त्रास होऊ नये. एकदा ती न चिडता म्हणाली, ‘‘तू विचारतोस तेव्हा मला आधी सगळं डोक्यात मांडावं लागतं, मग त्यातलं तुला झेपेल ते निवडावं लागतं, मग ते समजावून सांगावं लागतं. त्यापेक्षा मीच उठलेली बरी.’’ मला राग आला. दोन दिवस मी काहीच विचारले नाही आणि काहीच केलेही नाही.

नंतर आम्ही ठरवले, की आठवड्यातले तीन दिवस स्वयंपाकघर माझे. नुसता स्वयंपाक नव्हे, तर काय करायचे ते ठरवणे, सामान आहे का ते पाहणे, आदल्या रात्री भिजत घालणे आणि उरलेल्याचे काय करायचे तेही. अट एकच होती: त्या दिवशी तिला एकही प्रश्न विचारायचा नाही. मीठ कुठे आहे, हासुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात मीठ खरोखरच सापडले नाही आणि आम्ही सगळे अळणी जेवलो. ते डब्यांच्या दुसऱ्या रांगेत होते. जिथे मी नऊ वर्षे ‘मदत’ करत होतो, तिथल्या डब्यांची दुसरी रांग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तिलाही हे सोपे गेले नाही. दार बंद करून ती आत बसायची, पण कान बाहेर असायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून भांडे इतके करपले की वास घरभर पसरला. ती उठून येणार अशी माझी खात्री होती. ती आली नाही. जेवताना तिने विषय काढला नाही. रात्री सहज म्हणाली, की वास आल्यावर ती खुर्चीचे दोन्ही हात धरून बसून राहिली होती आणि लिहिणे काही झाले नव्हते. ते भांडे मी पाण्यात खाण्याचा सोडा घालून उकळले, रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी घासले, बरेचसे निघाले. तळाशी एक काळा चट्टा मात्र अजून आहे. त्यानंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी तिला माझ्या दिवसांत लिहिता येऊ लागले. काम माझ्याकडे एका दिवसात आले होते. ते तिच्या डोक्यातून जायला एवढे दिवस लागले.

निळी वही

आतापर्यंत सगळे सुचण्याबद्दल आणि आठवण्याबद्दल बोलले. अर्धविराम यांच्या हकिकतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो उतरवून घेणारा मुलगा. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात, जात्यावर काम करता करता त्या ओव्या रचत आणि म्हणत. हातांना काम आणि ओठांवर ओवी, हे वर्णन आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या ओव्या आपल्यापर्यंत आल्या त्या घरातल्या माणसांनी कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते, आईच्या निधनानंतर त्यांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखवले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. ज्यांच्या घरात ऐकणारा कान आणि उतरवणारा हात नव्हता, त्यांचे शब्द जात्यापाशीच राहिले. तिसरा मसुदा म्हणतात त्या अज्ञात बायका मला तिथे दिसतात.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. स्वयंपाकघरात ओट्यापासून हातभर अंतरावर, पाणी उडणार नाही अशा जागी, कागद आणि दोरीने बांधलेली पेन्सिल असावी. दोरी महत्त्वाची, नाहीतर पेन्सिल अभ्यासाच्या टेबलावर जाते आणि परत येत नाही. फोनवर बोलून ठेवण्याची सोय आहे हे मला माहीत आहे आणि मी ती वापरून पाहिली. नंतर ऐकले तर माझे वाक्य भांड्यांच्या आवाजात बुडालेले होते आणि मागून कोणीतरी ‘‘टॉवेल कुठंय?’’ विचारत होते, तेवढे मात्र स्पष्ट ऐकू आले.

कातरवेळ

माझी मुले आता दूर असतात आणि आम्ही घरी दोघेच आहोत. ‘आठवले’ अशी नोंद करण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. संपूर्ण सकाळ मोकळी असते, आणि गेल्या वर्षभरात मी तीन कपाटे आवरली, पडदे धुतले आणि दीड कथा लिहिली. मुले लहान असताना वर्षाला चार व्हायच्या. याचा कोणी कसलाही निष्कर्ष काढू नये, विशेषतः घरातल्या मंडळींनी. त्या चारही कथा घाईत संपवलेल्या आहेत आणि आज वाचताना ती घाई मला दिसते.

अर्धविराम

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. तिसरा मसुदा, तुमचे भांडण मान्य आहे. कणकेची हकिकत मी घरात दोनदा कौतुकाने सांगितली होती आणि दुसऱ्यांदा सांगताना सासूबाई ‘‘म्हणजे बरंच आहे की!’’ असे म्हणाल्या, ते मला तुमचे वाचल्यावर आठवले. त्यांच्या मनात काही नव्हते, पण तुम्ही म्हणता तो अर्थ लागला होता खरा. यापुढे ती हकिकत मी मुलाच्या वाक्याची म्हणून सांगेन, कणकेची म्हणून नाही.

उंबरठा यांचा प्रतिसाद मी यजमानांना वाचायला दिला. त्यांनी तो वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग विचारले, ‘‘आपलं मीठ कुठं असतं?’’ आम्ही दोघेही हसलो, पण तीन दिवसांची वाटणी आमच्याकडे लगेच जमेल असे दिसत नाही, कारण ते महिन्यातून पंधरा दिवस फिरतीवर असतात. म्हणून तूर्त एवढेच केले, की आठवड्याची यादी करण्याचे काम मुलांकडे दिले. नऊ वर्षांचा लिहितो आणि तेरा वर्षांची ठरवते. कोणत्या दिवशी काय, हे दोघांनी एका कागदावर मांडायचे, सामान तपासायचे आणि तो कागद भिंतीला लावायचा. त्यात मी बदल करायचा नाही आणि नापसंतीचा चेहराही करायचा नाही, ही अट माझ्यावर. पहिल्या आठवड्यात त्यांनी त्यांच्या आवडीचा एकच पदार्थ चार दिवस लावला होता. आम्ही तो चार दिवस खाल्ला. चौथ्या दिवशी मुलीनेच ताटाकडे पाहून सुस्कारा टाकला आणि दुसऱ्या आठवड्याची यादी आपोआप शहाणी झाली. सासूबाईंना चावायला त्रास होतो, हे पहिल्या यादीत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्या यादीत त्यांच्या नावाचा वेगळा रकाना आहे आणि तो मी सुचवलेला नाही.

वहीच्या मागच्या पानांवरची नोंद चालूच आहे. दुपारचा तो ठरलेला प्रश्न गेल्या बारा दिवसांत तीनदाच आला. दूध, बटण आणि गोळ्या अजून येतात. म्हातारी दारापासून पुढे सरकली आहे. दार मात्र मी अजून उघडलेले नाही.

शाईदौत

यादीची कल्पना मी उचलते आहे. एक विचारायचे होते: मुले यादी करायला बसतात ती आपणहून बसतात, की कोणी सांगावे लागते? आमच्याकडे सगळ्या गोष्टी इथेच अडतात.

अर्धविराम

यादी दर रविवारी सकाळी होते. आज रविवार आहे, हे त्यांना अजून मीच सांगते. मागच्या रविवारची तशी नोंदही आहे: सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे, कारण, ‘यादी करायला सांगायचे आठवले’.